फवारून थकलो, तरी गुलाबी बोंडअळी आणि उंदीर दरवर्षी परत: चूक सापडली धुऱ्यावरच्या गंजीत

आमच्याकडे हा प्रश्न दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे उगवतो. पहिला वेचा पांढराशुभ्र उतरतो, सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) झालेली असते, माणूस खुशीत असतो. दुसऱ्या वेच्याला बाया कुरकुरू लागतात की बोंडातून कापूस सुटत नाही, नखं दुखतात. तिसऱ्या वेच्याला गाठोड्यात निम्मी कवडी, म्हणजे किडका, नीट न फुललेला कापूस. मग घरधनी कृषी केंद्राच्या पायऱ्या चढतो आणि म्हणतो, "भाऊ, मागच्या साली देल्लं ते नको, या बारीला जरा जालीम द्या."

मीही कितीतरी वर्षं हेच केलं. हिंगणघाट तालुक्यात माझं साडेसहा एकर वावर. दीड एकर विहिरीवर ओलिताचं, बाकी आभाळाच्या भरवशावर. ज्या वर्षी औषधावर सगळ्यात जास्त पैसा गेला त्याच वर्षी कवडी सगळ्यात जास्त निघाली, हे माझ्या वहीत आहे. वही नसती तर मीही म्हटलं असतं की औषध नकली होतं. कधी कधी असतंही, पण दरवर्षी कसं असेल?

बोंडअळी आणि उंदीर या दोघांवर एकाच ठिकाणी लिहितो आहे, कारण माझ्या शेतात दोघांचा पत्ता एकच निघाला. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यावर मात्र मला विचारू नका. त्यांच्यापुढे मी हात टेकले आहेत.

आधी अळीच आहे का ते पाहा

पाती (फुलाआधीची कळी) गळाली की अळी, बोंड काळं पडलं की अळी, असं आपण बांधावर उभ्या उभ्या ठरवून टाकतो. आठ दिवसांची झड लागली, ऊन दिसलं नाही, की पाती अशीही गळते. गळालेली पाती उचलून बघा. भोक नाही, आत विष्ठा नाही, तर ते झाडाचं आपलं गणित आहे. जमिनीत वाफसा आला की थांबतं. त्यावर कीटकनाशक मारणं म्हणजे पाण्यात पैसे.

दुसरी फसगत बोंडसडीची. पावसाळा लांबला की हिरवं बोंड आतून तांबूस-तपकिरी होऊन सडतं. बाहेरून बोंडअळीसारखंच वाटतं. फोडल्यावर अळी नाही, विष्ठा नाही, पडद्याला भोक नाही, नुसता सडका ओला कापूस. हा जिवाणू-बुरशीचा प्रकार, दाट पऱ्हाटीत (कपाशीच्या झाडांत) आणि दमट हवेत वाढणारा. मी एका साली यावर अळीचं औषध दोनदा मारलं आहे. सडलेलं बोंड काही जिवंत झालं नाही.

गुलाबी बोंडअळीची खरी पहिली खूण फुलात दिसते. फूल उमलतच नाही; पाकळ्या एकमेकींना चिकटून मुरडलेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या. तिलाच डोमकळी म्हणतात. पेरणीनंतर ४५-५० दिवसांनी फुलं लागली की सकाळी एक फेरी मारा आणि डोमकळ्या मोजा. दिसली की तोडून खिशात टाका, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकू नका. आत अळी असते आणि तिला धुऱ्यावरून परत यायला कोणी अडवत नाही. घरी नेऊन जाळा. पहिल्या पिढीतल्या अळ्या अशा हातानं वेचल्या तर पुढचं बरंच काम वाचतं. माझ्या मते सगळ्या हंगामात सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि तोच कोणी करत नाही, कारण तो कोणी विकत नाही.

पुढे बोंडं धरली की बाहेरून काहीच कळत नाही. बोंड हिरवंगार, टणक. म्हणून ती फोडावीच लागतात. एकरात आडवंतिडवं फिरून २० झाडांवरून मधल्या वयाचं एकेक बोंड तोडायचं, अंगठ्यानं दाबून किंवा दगडानं फोडायचं. दोन बोंडांत अळी निघाली म्हणजे १० टक्के, आणि तीच फवारणीची पातळी. लहान अळी पांढरी असते, डोकं काळपट; गुलाबी रंग नंतर येतो. "गुलाबी दिसत नाही, म्हणजे ती नव्हे" असं म्हणून माझ्या शेजारच्या काकांनी एक पंधरवडा घालवला. आतल्या पडद्याला बारीक गोल भोक असेल, म्हणजे एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जायची वाट केलेली असेल, तर अळी न सापडूनही समजून घ्या.

फवारलं तरी मरत का नाही

हे मला एकदा नीट समजलं आणि त्यानंतर जालीम औषध मागणं थांबलं.

मादी पतंग पात्यांवर आणि कोवळ्या बोंडांच्या बुडाशी अंडी घालते. तीन ते सहा दिवसांत अंडं फुटतं. निघालेली अळी फार वेळ बाहेर भटकत नाही, लगेच पाती किंवा बोंड पोखरून आत जाते. बोंड वाढतं तसं ते सुईएवढं भोक बुजून जातं. त्यानंतर दोन आठवडे ती आत सरकी खात बसते. बाहेरून तुम्ही अमृत मारा नाहीतर जहर, तिला पत्ता लागत नाही. म्हणजे फवारणीचा मारा बसतो तो पतंगावर, अंड्यावर आणि नुकत्या निघालेल्या अळीवर. आपण फवारतो कधी? कवडी दिसल्यावर. तेव्हा आतली अळी कोष करायच्या तयारीत असते. एक पिढी महिनाभरात उरकते. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं लागल्यापासून नोव्हेंबरपर्यंत तीन-चार पिढ्या होतात, आणि प्रत्येक पिढी मागचीपेक्षा मोठी.

मग बीटी, म्हणजे झाडातच अळीसाठीचं जहर तयार करणारं बियाणं, कशासाठी घेतलं, असं विचाराल. बीटी कापूस २००२ साली आला, दोन जनुकांचा २००६ साली. अमेरिकन बोंडअळीला तो आजही चांगला आवरतो. गुलाबी अळी मात्र त्याला सरावली. आधी गुजरातेत, आणि २०१७ साली आपल्या विदर्भानं ते भोगलं. सरावली त्यात आपलाही हात आहे. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी यायची, शेताच्या कडेनं लावायला. तिच्यावर वाढलेल्या साध्या अळ्यांचा बीटीला सरावलेल्या अळ्यांशी संकर होत राहावा आणि जहराची धार टिकावी, असा त्यात विचार होता. आमच्या घरी ती पुडी माळ्यावर पडायची. गावात विचारलं तर दहातल्या नऊ जणांचं उत्तर माळाच. आता बियाणं मिसळूनच येतं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

२०१७ चं दुसरं दुखणं यवतमाळचं. त्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, हवा दमट, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, तोंडाला रुमालही नाही. औषध मारायचंच असेल तर डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत शिरू नका; आधी शेंडे खुडा. वारा पाठीमागून येऊ द्या. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, मुखपट्टी, चष्मा. खर्रा (तंबाखू-सुपारी) खिशात ठेवून फवारायला जाऊ नका, मधल्या सुट्टीत तो त्याच हातानं तोंडात जातो.

आता क्रम. फुलं लागायच्या सुमारास ५ टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळी कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यानं पिळून गाळायची, वेगळ्या एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम कपड्याचा साबण विरघळवून त्यात टाकायचा आणि सगळं मिळून १०० लिटर करायचं. निंबोळ्या जूनमध्ये झाडाखाली फुकट पडलेल्या असतात. सावलीत वाळवून ठेवल्या तर काम, नाहीतर ऑगस्टात शोधत फिरणं. अर्क त्याच दिवशी, संध्याकाळी मारावा. नुकसानाची पातळी ओलांडली तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलं एक औषध, एका वेळी एकच, डबीवर लिहिलेल्या मात्रेत. आणि पुढच्या वेळी तेच परत नको. पायरेथ्रॉइड गटातली औषधं सुरुवातीला मुळीच नको. ती मारली की चार दिवस शेत स्वच्छ दिसतं आणि मग पांढरी माशी असा उच्छाद मांडते की बोंडअळी परवडली म्हणावं. हे मी करून बसलो आहे.

ट्रायकोकार्डही लावता येतात. त्यातले बारीक परोपजीवी कीटक बोंडअळीची अंडीच खातात. पण कार्ड लावायचं आणि दोन दिवसांनी जालीम फवारायचं, असं केलं तर कार्डाचे पैसे गेले.

गंजी

एका एप्रिलमध्ये आईनं चुलीला पऱ्हाटी आणायला सांगितलं. आमची गंजी, म्हणजे उपटलेल्या वाळक्या पऱ्हाटीचा ढीग, धुऱ्यावर, बाभळीखाली, पुरुषभर उंच. ओढून काढताना वाळकी, न फुटलेली बोंडं हातात आली. सहज एक फोडलं. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि त्या जोडसरकीच्या पोटात गुलाबी अळी, अंग मुडपून झोपलेली. बोटानं टोचलं तर हलली. बाहेर ४३ अंश ऊन. पाच-सात बोंडं फोडली, तिघांत अळी. आणि गंजीचा खालचा थर ओढला तेव्हा त्याखाली ताज्या मातीचे ढिगारे, चार बिळं, आणि कुरतडलेल्या सरकीची टरफलं. म्हणजे मी ज्यांच्यासाठी पावसाळाभर पंप पाठीवर घेऊन हिंडलो, ते दोघंही उन्हाळाभर माझ्याच गंजीत मुक्कामाला होते.

थंडी सुरू झाली, दिवस लहान झाला, की बोंडअळीची शेवटची पिढी कोष न करता झोपी जाते. वाळकी बोंडं, जोडसरकी, जमिनीवरचा पालापाचोळा ही तिची जागा. पहिला पाऊस पडून ओल लागली की ती कोष करते आणि पतंग बाहेर पडतात. हे पतंग काही दिवसच जगतात. तेवढ्यात अंडी घालायला पाती मिळाली नाही तर ते वाया जातात. आणि पाती कुठे मिळते? मे महिन्यात ठिबकावर धूळपेरणीसारखा कापूस टोबून बसलेल्याच्या वावरात. म्हणूनच मध्यंतरी काही वर्षं शासनानं १ जूनच्या आधी शेतकऱ्यांना कापसाचं बियाणं विकायला बंदी घातली होती. त्यावर गावात शिव्याच जास्त पडल्या, पण कारण हे होतं.

ही अळी काही आजची नाही. १८४३ साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं तेच भारतातल्या कापसावरून. अमेरिकेनं मात्र २०१८ साली आपल्या मुख्य भूमीवरून ती संपल्याचं जाहीर केलं. त्यांनी बीटी वापरलं, गंधानं नर भुलवले, वांझ पतंग सोडले, आणि हंगाम संपला की कापसाची झाडं ठरल्या तारखेच्या आत जमिनीत गाडणं बंधनकारक केलं. वांझ पतंग आपल्या हातात नाहीत. शेवटची गोष्ट, झाडं वेळेत गाडणं, मात्र हातात आहे.

पण आपल्याकडे फरदड, म्हणजे जुन्याच पऱ्हाटीला पाणी देऊन परत कापूस घेणं. डिसेंबरात कापूस संपवा, फरदड घेऊ नका, असं कृषी सहायक दरवर्षी सांगतो आणि आपण मान डोलावतो. नंतर विहिरीला पाणी दिसतं, पऱ्हाटीवर चार हिरवी बोंडं दिसतात, बँकेचा हप्ता दिसतो, आणि दोन पाणी देऊन टाकतो. ज्याच्याजवळ हरभरा पेरायला बियाणं घ्यायचीही सोय नाही त्याला "फरदड नको" म्हणणं सोपं आहे, मला ते माहीत आहे. तरी माझ्या वहीचा हिशेब असा: फरदडीचा मला मिळालेला कापूस जवळपास सगळा कवडी, भाव पडेल तो, आणि पुढच्या हंगामात त्याच दीड एकरात डोमकळ्या सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त. त्या जागी हरभरा घेतला त्या वर्षी पैसा जास्त सुटला. तुमच्या जमिनीत वेगळं असू शकेल. पण एकदा वहीत लिहून बघा.

मी आता करतो ते असं. डिसेंबर संपायच्या आत शेवटचा वेचा. मग मेंढरं. पांढरकवड्याकडून धनगरांचे कळप आमच्या शिवारात उतरतात. दोन रात्री बसवले की हिरवी बोंडं, पाला सगळं साफ, आणि लेंड्या मोफत. फवारणी होऊन निदान तीन आठवडे गेलेले असू द्या, नाहीतर मुकं जनावर मरेल. त्यानंतर पऱ्हाटी चिमट्यानं उपटायची, किंवा भाड्यानं कुट्टी करणारं यंत्र मिळालं तर शेतातच बारीक करून नांगरटीत गाडायची. पहिल्या उन्हात खोल नांगरणी केली की मातीत झोपलेल्या अळ्या वर येतात. नांगरामागे चालणारे बगळे आणि साळुंक्या पाहिल्यात ना, त्या उगीच चालत नाहीत.

राहिला प्रश्न चुलीचा. गॅस आला तरी आंघोळीचं पाणी पऱ्हाटीवरच तापतं, आणि "पऱ्हाटी जाळून टाका" म्हणणाऱ्यानं आमच्या आईसमोर येऊन म्हणावं. मार्ग असा निघाला: गंजी रचायच्या आधी पेंढ्या कठीण जमिनीवर आपटायच्या, वाळकी बोंडं झडून पडतात. ती झाडून गोळा करायची आणि फक्त ती जाळायची. चार बाया, एक दिवस. गंजी धुऱ्यावर नाही, घराच्या मागे, विटांवर फळ्या टाकून जमिनीपासून वर. आणि जून उजाडायच्या आत संपेल एवढीच ठेवायची. बाकीची कुट्टी.

आणखी एक जागा लोक विसरतात: घर. भाव चढेल म्हणून मार्चपर्यंत खोलीत भरलेला कापूस. त्यात अळ्या असतात, पतंगही निघतात, अंगाला खाज सुटते ती वेगळी. भाव चढेल की नाही ते मी सांगू शकत नाही. खोलीत एक गंधसापळा (मादीच्या वासाच्या गोळीनं नर पतंग ओढणारा) मात्र टांगा. जिनिंगच्या आजूबाजूच्या गावांत तर तो बारा महिने असावा. सरकीचे ढीग जिथे, तिथे पतंग.

सापळे लावले, पतंगच सापडत नाहीत

ही तक्रार जूनपासून फोनवर येते. नव्वद टक्के वेळा चूक गोळीत असते. कामगंध सापळ्यातली गोळी किडीगणिक वेगळी. हरभऱ्यातल्या घाटेअळीची गोळी कपाशीत लावून गुलाबी बोंडअळीचा नर येणार नाही. पाकिटावर नाव वाचा. दुसरी चूक हाताची. तंबाखू-सुपारी घोटलेल्या हातानं गोळी बसवली की पतंगाला खर्र्याचा वास येतो, मादीचा नाही. हात धुवा, नाहीतर पाकिटाच्या कागदानं धरा. तिसरी, सापळा जुलैत लावला त्याच उंचीवर ऑक्टोबरात. पऱ्हाटी वर गेली आणि सापळा पानांत बुडाला. तो नेहमी शेंड्याच्या फूट-दीड फूट वर हवा, म्हणून बांबू आधीच उंच घ्या. गोळी पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला, पिशवीचं खालचं टोक बांधा.

पाहणीसाठी एकरी दोन सापळे पुरतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ नर आले तर पातळी ओलांडली समजा आणि बोंडं फोडायला लागा. नर मोठ्या संख्येनं पकडायचे असतील तर एकरी आठ. पण एकट्याच्या दोन एकरांत आठ-आठ सापळे लावून चौफेर शेजारी झोपलेले असले तर त्यांच्या माद्या तुमच्या बोंडावर येऊन अंडी घालतात. नर पकडले म्हणून काय झालं, लग्न शेजारच्या वावरात लागलेलं असतं.

उंदीर

डिसेंबर-जानेवारीत गव्हाची ताटं बुडापासून तिरपी कापलेली दिसली, हरभऱ्याचे घाटे टरफलासकट गायब, बिळाच्या तोंडाशी कापसाचे पुंजके आणि सरकीची टरफलं, ठिबकच्या नळ्या कुरतडलेल्या, तर उंदीर. अळी गायब करत नाही; ती भोक पाडून मागे खूण सोडते.

"औषध टाकलं, दोन दिवस बिळं बंद, आठव्या दिवशी परत" हे सगळ्यांचंच गाऱ्हाणं. कारणं तीन, आणि मी तिन्ही केली.

एक, झिंक फॉस्फाइड थेट टाकणं. उंदीर भित्रा, नवं खाणं आधी चाखतो. थोडंसं खाऊन पोटात दुखलं आणि वाचला, तर पुढे महिनाभर त्या वासाच्या जवळ जात नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषाचं आमिष द्यावं लागतं: भरडलेली ज्वारी किंवा गहू, थोडं खायचं तेल लावून. ते बेधडक खायला लागला की मगच विष. मिश्रण असं: ९६० ग्रॅम भरड, २० ग्रॅम खायचं तेल, २० ग्रॅम झिंक फॉस्फाइड. काठीनं कालवा, हातानं नाही. कागदाच्या पुडीत दहा ग्रॅम बांधून जिवंत बिळात आत सरकवा आणि तोंड लिंपा. या विषावर उतारा नाही. उरलेलं घरी आणायचं नाही, कोंबड्या-कुत्री-लेकरं जातील तिथे नाही. पुडी ठेवून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. घुबडानं किंवा कुत्र्यानं तो उंदीर खाल्ला तर त्याचंही काही खरं नाही.

दोन, सगळ्याच बिळांत टाकणं. धुऱ्यावर पन्नास बिळं दिसतात, राहती वीसच असतात. संध्याकाळी सगळी तोंडं चिखलानं बुजवा. सकाळी जी उकरलेली असतील ती राहती. विष, पैसा, मेहनत सगळं निम्म्यावर.

तीन, आणि खरी हीच, वेळ. आपण ओंब्या भरल्यावर जागे होतो. तेव्हा शेतभर पंगत मांडलेली असते, उंदीर तुमची पुडी कशाला खाईल? मे महिन्यात शेतात दाणा नसतो, तण वाळलेलं असतं, बिळं उघडी दिसतात आणि उंदरांची संख्या वर्षातली सगळ्यात कमी असते. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं, आणि तीन महिन्यांत ती पिल्लंही व्यायला तयार. मेमधली एक मादी म्हणजे डिसेंबरातला कळप.

झिंक फॉस्फाइडनंतर आठ-दहा दिवसांनी जी बिळं परत उघडतील त्यांत ब्रोमाडिओलोन. ते सावकाश काम करतं, चार-पाच दिवस लागतात, म्हणून उंदराला संशय येत नाही आणि आधी बिनविषाचं आमिष लागत नाही. लागलीच झिंक फॉस्फाइडचीच दुसरी फेरी मारू नका. वाचलेले उंदीर आता हुशार झालेले असतात. धान्यातल्या गॅसच्या गोळ्या बिळात टाकणारे आमच्याकडे आहेत. त्या गोळ्या सामान्य माणसाच्या हातात असूच नयेत आणि घरात ठेवून झोपणं तर सरळ मरण आहे.

रोजच्या जेवणाला गावातच राखणदार आहेत: धामण आणि गव्हाणी घुबड. धामण दिसली की काठी उचलायची, हे आपण आजही करतो. हरभऱ्यात घाटेअळीसाठी इंग्रजी टी सारखे पक्षिथांबे लावता ना, एकरी आठ? त्यांवर दिवसा कोतवाल पक्षी बसतो, रात्री घुबड. काढून ठेवू नका.

उंदराच्या बाबतीत एकट्यानं काही होत नाही. माझी बिळं रिकामी झाली की शेजारचे उंदीर आयत्या घरात राहायला येतात; भाडंही नाही. मागच्या मे महिन्यात आम्ही एका शिवारातल्या अकरा जणांनी एकाच संध्याकाळी बिळं लिंपली. बाराव्या काकांनी नाही म्हटलं. "तुमचे उंदीर मायाकडं येतात, माये तुमच्याकडं. कोन कोनाचे मारतं?" त्यांच्या धुऱ्यावर तीन सालांच्या पऱ्हाटीची गंजी होती, वर काळी पडलेली, खाली पोखरलेली.

भांडण केलं नाही. मेंढरं माझ्याकडे बसली तेव्हा धनगराला म्हटलं, एक रात्र काकांकडेही बस, पैसे मी देतो. कुट्टीचं यंत्र आलं तेव्हा भाड्याच्या तासातला अर्धा तास त्यांच्या गंजीवर चालवला. यंत्र सुरू झालं आणि खालून उंदीर असे निघाले की काकांचा कुत्रा कोणाच्या मागे धावावं ते न कळून मधेच उभा राहिला. काका बघत होते. मग स्वतःच बेचकं घेऊन उरलेल्या पेंढ्या पुढे सारायला लागले, आणि संध्याकाळी पुड्या मागायला आले. मी त्यांना हातमोजेही दिले. ते त्यांनी खिशात ठेवले, आणि मी तिथेच उभा आहे हे बघून मग घातले.